मडक्यावरची नवरी

नातीला शाळेत एका जुन्या ग्रीक चित्राची माहिती सांगायची होती, म्हणून मुलगा आम्हा दोघींना फ्रँकफर्टच्या म्युझियममध्ये घेऊन गेला. काचेआड एक काळं मडकं होतं. त्यावर रथातला दाढीवाला एका मुलीला कमरेला धरून नेत होता. तिचे दोन्ही हात मागे, मैत्रिणींकडे.

मुलाने पाटी वाचली. "आई, हा पाताळाचा राजा. असली भांडी लग्नात नवरीला द्यायचे. आधी सगळे याला लग्नच म्हणायचे, आता काही जण बलात्कार म्हणतात. वाद आहे त्यावर."

"वाद कसला?" मी म्हणाले. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून दोघंही बघायला लागले.

नातीने वहीत लिहिलं होतं. "होख्त्साइट, आजी. लग्न."

"खोड ते."

"आई, शिकलेली माणसं आयुष्यभर यावर डोकं खपवतात," मुलगा हसला. "तू चौथी पास!"

"चौथी पास आहे, आंधळी नाही. तिचे हात बघ."

मग त्याच्या मावशीचं सांगितलं. तिच्या मनात होतं म्हणून जीपमध्ये बसली, असं घरात सगळे म्हणतात. हाही तेच ऐकत वाढला, दर दिवाळीला तिच्या नवऱ्याच्या, त्या काकांच्या पाया पडला. आम्ही बहिणी बांधावर गवत कापत होतो. त्या काकांनी आणि आणखी एकाने तिला उचलून जीपमध्ये घातलं. तिने माझा परकर धरला होता, तो फाटला. चार दिवसांनी ती घरी आली तेव्हा मोठ्यांनी ठरवलं, आता हिला दुसरं कोण करणार, त्याच्याशीच लावा. तिच्या सुजलेल्या मनगटांना हळद मी लावली. डाग दिसेनात इतकी चोळ, आई म्हणाली. मी चोळली. लग्नाचा फोटो बघून लोक अजून म्हणतात, काय जोडा आहे!

"तू कधी बोलली नाहीस," मुलगा म्हणाला.

"कोणी विचारलं?"

हे खोटं होतं. वडिलांनी विचारलं होतं, तू काय पाहिलंस? मी म्हणाले, काही नाही. त्या माणसाचा राग येतो, मोठ्यांचा येतो, पण माझा जास्त येतो.

नातीने शब्द खोडून दुसरा लिहिला. मुलाने वाचला आणि वही मिटली.

"काय लिहिलं?"

तो जर्मनमध्येच पुटपुटला.

"सांग की मराठीत. तुझ्या मावशीचंच आहे."