विड्यात अडकलेला सुळा

ओंकारने तोंडावरचा रुमाल काढला आणि वेटिंगमध्ये बसलेल्या म्हातारीने आपली पिशवी छातीशी धरली. त्याच्या वरच्या ओठाखालून दोन पांढरे टोकदार दात बाहेर आले होते. हनुवटीवर लाळ होती. ओठ मिटत नव्हते.

"निघनांत, डॉक्टर."

"कशाने चिकटवलेस?"

सोबत आलेल्या मुलीने सांगितले, "गमने. तुटलेली चप्पल चिकटवतात त्या."

माझा दवाखाना पेडण्याच्या बाजारात आहे. कवळ्या, रूट कॅनॉल, काजूची बी दाताने फोडायला जाऊन गेलेले दात, असे सगळे माझ्याकडे येते. व्हॅम्पायर पहिलाच.

आधी सोडवणूक केली. बाजारी प्लॅस्टिकचे सुळे त्याच्या स्वतःच्या सुळ्यांवर बसले होते. सुळा म्हणजे समोरच्या चार पटाशीच्या दातांनंतरचा टोकदार दात. ओढून काढले असते तर गमाबरोबर हिरडीही सोलली असती. बारीक बर, म्हणजे ड्रिलचे पाते, लावून प्लॅस्टिक मधोमध चिरले, दोन फाका केल्या आणि गम खरवडला. इनॅमल शाबूत होते. हिरडी थोडी भाजल्यासारखी झाली होती. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा सांगितल्या आणि मग विचारले, "हे कशासाठी?"

मुलीचे नाव शुभांगी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, पार्शाकडच्या एका वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली. ओंकार तिचा शेजारी. त्यांच्या वाड्यावर जत्रेला दरवर्षी नाटक होते. नाटक पौराणिक, बायकांची कामे करायला बाहेरून नट्या. यंदा शुभांगीने नाटक स्वतः लिहिले होते आणि नायिकाही स्वतःच होणार होती. वाड्यावरची मुलगी मांडावर उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. मांड म्हणजे देवळाजवळची ठरलेली जागा. तिथे कलेचे सादरीकरण होते, आणि तिथे चपला बाहेर काढूनच जायचे.

"विषय?"

"व्हॅम्पायर आणि मुलगी. लव्ह स्टोरी."

मी तिच्याकडे बघितले. तिने पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी काढून टेबलावर ठेवली. असल्या बऱ्याच तिने वाचल्या होत्या, सिनेमेही बघितले होते. मी ते पुस्तक ठेवून घेतले. काम करायचे तर काम कशासाठी आहे ते कळले पाहिजे. दोन पेशंटच्या मधल्या वेळात वाचून काढले. गोष्ट सरळ आहे. मुलगा देखणा, फिकट, शेकडो वर्षांचा, पण वर्गात मात्र मुलीच्या शेजारी. त्याला तिचे रक्त हवे असते आणि तिच्यावर जीवही असतो. तो चावत नाही, हेच त्याचे प्रेम. सगळ्या पुस्तकात दातांचा एवढा उल्लेख, आणि ब्रश कोणीच करत नाही. पण मुलींना हे का आवडते ते कळले. समोरचा ताकदीचा आहे, मनात येईल ते करू शकतो, आणि तरी तुम्हाला विचारतो. असा मुलगा वाचायला मिळाला तरी पुष्कळ.

अडचण दातांची होती. पहिल्या तालमीत बाजारी सुळे घालून ओंकारने नायिकेला "विश्वास ठेव" म्हटले. तोंडातून फक्त हवा आणि थुंकी आली. तालीम बघायला बसलेली माणसे पोट धरून हसली. दुसऱ्या वेळी सुळे नायिकेच्या ओंजळीत पडले. उत्सव कमिटीच्या अध्यक्षांनी, भाईंनी, निकाल दिला: रविवारी दुपारी मांडावर कमिटीसमोर पूर्ण तालीम करा. लोक हसले तर नाटक बंद, नेहमीचे पौराणिक लावू, नटी सांगून ठेवलेलीच आहे. म्हणून ओंकारने गम आणला.

"सुळे करून देते," मी म्हटले. "पण गम पुन्हा दिसला तर तुझे खरेही काढून टाकीन."

प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर लिहून काढले: बोलता आले पाहिजे. ओठ मिटले पाहिजेत. पडता कामा नये. विंगेत जाऊन पटकन घालता-काढता आले पाहिजेत, कारण पहिल्या अंकात तो माणूसच आहे.

बाजारी सुळे एका पट्टीला जोडलेले असतात आणि ती टाळूपर्यंत जाते. स, त, ल म्हणताना जीभ जिथे टेकते ती जागाच झाकली जाते. व म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, तिथे मध्येच टोके येतात. म्हणून पट्टी नको, फक्त सुळ्यांवर बसणाऱ्या दोन टोप्या. अल्जिनेटने माप घेतले. ही एक पावडर असते, पाण्यात कालवली की पिठल्यासारखी होते आणि तोंडात घट्ट बसते. त्यात प्लास्टर ओतून दातांची प्रतिकृती केली आणि म्हापशाच्या लॅबला पाठवली. लॅबवाल्याचा फोन आला.

"मॅडम, पेशंटचे सुळे एवढे लांब? नक्की का?"

"नक्की."

"वय?"

"नाटकात तीनशे."

टोप्या आल्या, दिसायला सुरेख. ओंकारने घातल्या, "विश्वास" म्हटले आणि शब्द स्वच्छ आला. शुभांगीने टाळी वाजवली. मी निळा कागद दातांत धरायला लावला. दात जिथे जास्त टेकतात तिथे या कागदाचा रंग उतरतो. सगळा रंग टोप्यांच्या टोकांवर. म्हणजे तोंड मिटले की भार सुळ्यांवर आणि पटाशीचे दात एकमेकांना लागतच नाहीत. बोलणे जमेल, पण काही चावायला गेला तर टोपी सुटणार.

"नाटकात काही चावतो का?"

"शेवटी मानेला," शुभांगी म्हणाली. "पण ते भाईंनी काढायला लावलंय."

योगायोग असा की भाईंची कवळी मीच केलेली आणि त्याच आठवड्यात ती घासून घ्यायला ते आले. म्हातारा उंच, धोतराऐवजी हल्ली पँट, आवाज मात्र देवळात देवापुढे गाऱ्हाणे घालायचा. पुस्तक परत न्यायला आलेल्या शुभांगीला बघून खुर्चीत बसण्याआधीच सुरू झाले.

"डॉक्टरबाय, तू पण हांच्यांत?"

"मी फक्त दात देते, भाई."

"दशावतारांत राकेस येता. येंव दी. पण तो मरता. हांचो राकेस मरना. वयर लगीन करता." त्यांनी कवळी काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवली. कवळीशिवायही त्यांचे म्हणणे व्यवस्थित कळत होते. "आनी मांडार रगत सांडूंक मेळचें ना. हें आयक."

"भाई, तो चांगला राक्षस आहे," शुभांगी म्हणाली.

"चांगलो तर दिसाचो कित्याक भोंवना?"

शुभांगीने हातातले पुस्तक उघडले, तो दिवसा का फिरत नाही ते शोधायला. मी कवळी घासत होते. हात कामात असले की माझे डोके चालते.

"रक्ताच्या जागी विडा घ्या," मी म्हटले. "लग्नात तोडतात तसा."

आमच्याकडे लग्नात नवरी विडा दातांत धरते, अर्धा बाहेर. नवऱ्याने तो आपल्या दातांनी तोडून घ्यायचा. सगळे नातेवाईक भोवती उभे राहून हसतात. चावणे आले, तोंड लाल होणे आले, जवळ येणेही आले, आणि यात वाईट आहे असे म्हणायची कोणाची छाती नाही, कारण प्रत्येकाने आपल्या लग्नात हेच केले आहे.

भाईंच्या रिकाम्या तोंडात हसू आले. "आमच्या लग्नांत हिणें सगळोच विडो ओडून घेतलो. म्हाका फकत लवंग मेळ्ळी." त्यांनी कवळी हातात घेतली आणि शुभांगीकडे बोट केले. "विडो चलता. पण राकेस मरना, ताचें कितें तें तू पळय."

तर राक्षस मरत नाही त्याचे शुभांगीने बघायचे, आणि सुळ्यांना विडा तोडता आला पाहिजे हे मी. माझ्या यादीत हे नव्हते.

टोप्या बदलल्या. दाताच्या मागची बाजू मोकळी ठेवली, सुळा फक्त पुढून, नखासारखा. त्यामुळे त्याचे पटाशीचे दात पुन्हा एकमेकांना भिडले. पण मागून मोकळी टोपी धरणार कशी? कवळीला असते तशी एक बारीक तार दाताच्या मानेभोवती फिरवली. तार दाताच्या फुगवट्याखाली गेली की टिक् आवाज होतो आणि टोपी बसते. नखाने दाबले की सुटते.

मग चाचण्या. भिंतीवर पान-सुपारीने तोंडाचे काय होते त्याचे पोस्टर, आणि त्याखाली माझी असिस्टंट संगीता स्टूलवर बसून विडे लावते आहे.

"मॅडम, पोस्टर उलटं करू?"

"राहू दे. ओंकारने बघावं."

विड्यात तंबाखू अर्थातच नव्हता. सुपारीही नको म्हटले. फक्त चुना, कात आणि पान. पान चिवट असते. सुळा त्याच्या शिरेत अडकून खाली ओढला जातो. म्हणून पानाला मधोमध आधीच एक चीर दिली. चीर दिलेला विडा एका झटक्यात तुटला. पुन्हा तुटला. सुळे जागच्या जागी. शुभांगीला कसा विडा हवा ते लिहून दिले: एकच पान, सुपारी नाही, मधे चीर.

रविवारी दवाखाना बंद ठेवून गेले. पर्समध्ये आरसा, पक्कड, जादा टोप्यांची जोडी. मांडावर कमिटी खुर्च्यांवर बसली होती, बाकी वाडा खाली. काही बायका कणगे, म्हणजे कंद, सोलायचे काम घेऊनच आल्या होत्या. भाईंनी नारळ ठेवला, गाऱ्हाणे घातले. पहिला अंक झाला. कोणी हसले नाही. दुसऱ्यात ओंकार विंगेतून सुळ्यांसह आला. पुढच्या रांगेतले पोर आईला चिकटले. "विश्वास ठेव," तो म्हणाला, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. मी यादीतली पहिली ओळ मनातल्या मनात खोडली.

मग विडा आला.

तो आमचा विडा नव्हता. मांडावर ठेवायचा विडा मानकऱ्याच्या घरूनच यायचा असतो, आणि मानकरी भाई. त्यांच्या बायकोने लग्नाला लावतात तसा लावला होता: पाच पाने, आत सुपारीचे खांड, वरून लवंग. चीर कुठली. हे शुभांगीला माहीत असणार, पण तालमीला आपलाच विडा चालेल असे तिने गृहीत धरले होते, आणि मला तर कोणी सांगायची गरजच नाही असे सगळ्यांना वाटले होते. मानकऱ्याच्या घरचा विडा परत कसा पाठवायचा?

शुभांगीने तो दातांत धरला. ओंकार पुढे झाला, चावला. विडा तुटला नाही. त्याने ओढले. नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मी तिथून काही करू शकणार होते. मी पर्समधली पक्कड धरली होती. एकच विचार: टोपी सुटून घशात गेली तर थेट एक्स-रे. मागे कोणीतरी खुसखुसले. कमिटीतला एकजण भाईंकडे वळला.

तेव्हा शुभांगीने मान झटकली आणि सगळा विडा आपल्याकडे ओढून घेतला. टिक् आवाज मला एवढ्या लांबून ऐकू आला असे आजही वाटते. ओंकारच्या तोंडात एकच सुळा राहिला. डावीकडे राक्षस, उजवीकडे वाड्यावरचा ओंकार.

ती खुसखूस आता फुटणार की थांबणार, हे एका वाक्यावर होते.

शुभांगीने विडा तोंडातून काढला. पानातून सुळा उपटला, तळहातावर ठेवला आणि सगळ्यांना दाखवला. मग ओंकारकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "अर्धा राक्षस मेला. उरलेल्या अर्ध्याशी लग्न करायला माझी हरकत नाही."

हसले. आधी भाई हसले. कवळी सांभाळायला त्यांनी तोंडावर हात धरला. मग सगळा वाडा हसला. पण हे हसणे वेगळे होते. पहिल्या तालमीत ते ओंकारला हसले होते, आज शुभांगीबरोबर हसत होते. बायकांनी कणगे बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. भाईंच्या बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसले.

"अर्दो मेलो न्हय?" भाई उठून म्हणाले. "मगीर चलता. त्या नटयेक ना म्हूण कळय रे."

नाटक जत्रेला झाले. शुभांगीने तो प्रसंग तसाच ठेवला, वाक्यासकट. शेजारच्या गावाने पुढच्या जत्रेसाठी बोलावणे पाठवले, आणि बोलावण्यात नायिका हीच हवी असे सांगितले.

माझे काम मात्र वाढले. डावा सुळा कधीही सुटता कामा नये आणि उजवा दर प्रयोगाला, विडा ओढताच, सुटलाच पाहिजे, तोही बाहेरच्या बाजूला. कॉलेजात आम्हाला दात घट्ट बसवायला शिकवले. वेळेवर सुटणारा दात करायला मला तीन पट मेहनत पडली. विडा आता मानकऱ्याच्या घरूनच येतो, पाच पानांचा, सुपारीसकट. तार त्या मापाने वाकवली आहे.