हल्ली मुक्काम डॉट सीए

माझ्या मामेसासऱ्यांपेक्षा जास्त चुळबुळ्या माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत कुणी दाखवून दिला, तर मी दुकान बंद करून त्याच्या घरी पाणी भरेन. मूळचे ते पोशीरचे. नोकरी रसायनीच्या कारखान्यात, म्हणून बिऱ्हाड मोहोपाड्याला. तिथल्या कॉलनीत करमेना, म्हणून शिळफाट्याला. तिथून ड्युटी लांब पडते, म्हणून परत मोहोपाडा, आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा पोशीर. जिथे जातील तिथे सामान उतरायच्या आधी हे गृहस्थ रहिवासी दाखला काढायला जाणार. वेळेला असलेला बरा, म्हणे! त्यांच्या पिशवीत आजही चार दाखले आहेत आणि चारही दाखल्यांवर ते कायमचे रहिवासी आहेत. विहारात वंदनेला बसले, तर पंचशील संपायच्या आत दाराशी येऊन सगळ्यांच्या चपला जोडीने लावत असतात. माझ्या दुकानात आले, की चहा अर्धा आत पितात आणि अर्धा रस्त्यावर. मामी तर म्हणतात, "लग्नाच्या फोटोत बी हे हललेत."

अशा माणसाची एकुलती एक मुलगी सुजाता नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. गेली ती कामाच्या परमिटवर, आणि मामांनी त्या परमिटला घट्ट धरून ठेवलं. "परमिट हाय, जावईबापू. संपलं की येनार. काय तिकडं बस्तान मांडलंय का तिनं?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेत म्हणून दाखवीन. ती येणार म्हणून पोशीरच्या घरावर त्यांनी एक खोली चढवली. खोलीला रंग कुठला द्यायचा हे तीनदा ठरलं आणि चारदा बदललं. पण नातू तिकडे मोठा होत होता. आजोबा फोनवर बोलायला लागले, की मराठी न कळून तो आईच्या तोंडाकडे बघायचा. ते मामांना फार लागलं. मग एके दिवशी ते स्कूटर चालूच ठेवून माझ्या दुकानात शिरले. कर्जतला माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, त्यामुळे नातेवाइकांच्या डोक्यातला कुठलाही किडा शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडतो.

"जावईबापू, पोरासाठी वेबसाइट काढायची. आपलं घर, शेत, आजीचा आवाज, सगळं टाकायचं. आनि नाव तिकडचं पायजे. डॉट सीए. तिकडचं नाव दिसलं म्हंजे पोरगं बघंल तरी."

मी त्यांना बसवायचा प्रयत्न केला. मग उभ्याउभ्याच समजावलं, की इंटरनेटवरच्या नावाला देशादेशाची शेपटी असते. आपली डॉट इन, कॅनडाची डॉट सीए. आणि कॅनडावाले आपली शेपटी ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत. माणूस तिथला नागरिक पाहिजे, नाहीतर कायमचा रहिवासी. सुजाताचं परमिट त्यात बसत नाही. तेव्हा गुपचूप डॉट इन घ्या, पाच मिनिटांत मिळेल. या सगळ्यातून मामांनी एकच शब्द उचलला.

"रहिवासी ना? मंग दाखला काढू की. त्यात काय?"

आणि काढला! कॅनडाच्या कामासाठी सुजाताच्या नावाने पोशीरच्या ग्रामपंचायतीचा दाखला. 'मूळ राहणार पोशीर, हल्ली मुक्काम कॅनडा.' खाली गोल शिक्का आणि दोन पंचांच्या सह्या. त्यातल्या एकाने तर सुजाताला विमानतळाच्या गाडीत बसताना समक्ष पाहिल्याचं लिहून दिलं होतं. जोडीला रेशनकार्ड, विजेचं बिल आणि फोटो चिकटवलेलं स्वयंघोषणापत्र. सतरा पानं मी स्कॅन केली, आणि तेवढ्या वेळात मामा नाक्यापर्यंत सहा फेऱ्या मारून आले. "शिक्का नीट उठलाय ना? तिकडं शिक्क्याला मान असतो."

नावं विकणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं. अगदी गोड इंग्रजीत कळवलं होतं, की हा दाखला चालत नाही, आणि परमिटवर राहणारी व्यक्ती आमच्या लेखी रहिवासी नाही. मला वाटलं, आता हे भडकणार. पण मामांचा चेहरा असा काही फुलला, की मीच बघत राहिलो. "बघा! तिकडचे लोक बी म्हंतात, ती तिकडची रहिवासी नाय." त्या दिवशी त्यांनी मला दोन वडापाव खाऊ घातले.

म्हणून काही त्यांनी पिच्छा सोडला नाही. नाव तर हवंच होतं. दर आठवड्याला स्वारी हजर. "बघा जरा, नियम बदलला का?" मी वैतागायचो. फोनवर सुजातालाही हसत हसत विचारायचे, "झालीस का गं रहिवासी?" ती म्हणायची, "बघू, बाबा." त्या 'बघू'वर त्यांचा आठवडा निघायचा.

गेल्या महिन्यात मामांच्या वाढदिवसाला सकाळीच ते धापा टाकत आले आणि फोन माझ्या हातात कोंबला. डॉट सीएचं नाव मिळालं होतं! सुजाताने तिकडून स्वतःच अर्ज करून बापाला ही भेट दिली होती, आणि भरलेला फॉर्मही सोबत पाठवला होता. मामा म्हणाले, "वाचा, वाचा, सगळं मोठ्यानं वाचा." मी आपला वाचत सुटलो. नाव, पत्ता, अर्जदाराचा प्रकार : कायमची रहिवासी.

वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी काय वाचलं. जीभ चावून काय उपयोग? मामा म्हणाले, "फोन लावा तिला." तिकडे संध्याकाळ होती. सुजाताने लगेच उचलला.

"सुजा, फॉर्मात कायमची रहिवासी लिवलंस?"

"हो, बाबा."

मामा दारापर्यंत गेले, परत आले. फोन तोंडाशी धरून अगदी हळू म्हणाले, "खोटं लिवलंस ना गं? माज्यासाठी? तसं असंल तर सांग. मी कुनाला बोलनार नाय."

मग ती म्हणाली, "खरं आहे, बाबा. सहा महिने झाले. तुम्हाला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं."

मला त्या क्षणी स्वतःचा भयंकर राग आला. त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी उगाच कीबोर्ड पुसत बसलो.

"बरं केलंस, बाय," मामा म्हणाले. "सरकारी कागदावर खोटं लिवू नये. दे, पोराला फोन दे."