रेघ नसलेला चौकोन

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. नामांतराच्या आंदोलनामुळे कॉलेज कधी चालू, कधी बंद असायचं. त्या मोकळ्या दिवसांत प्राणिशास्त्राच्या सरांनी मला सोबत घेतलं. मेंढरं घेऊन फिरणारी इथली माणसं आणि खाली दक्षिणेकडची माणसं एकाच पूर्वजांची आहेत का, हे त्यांना रक्तगटांवरून शोधायचं होतं. आमच्या घरी मेंढरं होती, आणि घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझ्यासमोर ही माणसं बोलतील असं सरांना वाटलं. मला तशी खात्री नव्हती, पण नाही म्हणायचं धाडस झालं नाही.

सेलूच्या अलीकडे, कापूस निघालेल्या रानात एक वाडा उतरला होता. वाडा म्हणजे आमच्यात मेंढरांचा तळ. माणसं तीनच: म्हातारी, तिची थोरली सून आणि धाकटा मुलगा.

माझं काम वंशावळ काढायचं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. माणूस वारलेला असेल तर त्यावर तिरपी रेघ. म्हातारी एकेक पिढी सांगत गेली. थोरल्या मुलापाशी मी विचारलं, "हाईत का ते?"

"हाय की. मेंढरांच्या मागं चालतो. आता तिथं पडलाय."

तिनं बोट केलं तिकडे मी पाहिलं. भर दुपारी मेंढरं एकमेकांना चिकटून बसली होती. मधे मात्र एक माणूस आडवा पडेल एवढी जागा मोकळी होती.

सून चुलीपाशी भाकरी थापत होती. "दिसला का भाऊ? मला बी न्हाई दिसत," ती म्हणाली. "चार वर्सं झाली. गंगाखेडाखाली पुरात गेला. मढं गावलं न्हाई म्हनून आत्या ऐकंना."

"तू गप भाकरी कर," म्हातारी म्हणाली.

सरांनी बोटं टोचून तिघांच्या रक्ताचे थेंब घेतले. मग औषध लावलेल्या कागदाच्या पट्ट्या काढल्या. ही पट्टी जिभेवर ठेवली की कुणाला कडू लागते, कुणाला नुसता कागद. आणि ते आईबापाकडून येतं. म्हातारीला कडू लागली. सुनेला काहीच लागलं नाही. "माजं तोंडच मेलंय," ती म्हणाली. मग धाकट्यानं चाखली, त्यालाही कडू. तो घोडीला पाणी पाजायला ओढ्यावर निघाला, सूनही घागर घेऊन त्याच्या मागं गेली.

"थोरल्याची द्या," म्हातारीनं हात पुढे केला.

सर हसले, म्हणाले, "दे रे."

ती मेंढरांमधून त्या मोकळ्या जागेपर्यंत गेली, वाकली, आणि परत आली. "कडूच म्हन्तो."

सरांनी पट्टी हातात घेतली आणि त्यांचं हसू थांबलं. पट्टी ओली होती. तिच्यावर समोरच्या दातांचे ठसे होते. म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता. ओढ्यावरची दोघं अजून परतलीही नव्हती. सरांनी पट्टी रुमालात गुंडाळली. वहीत त्याबद्दल काही लिहू नको म्हणाले.

निघताना मी ओढ्यावर हात धुवायला गेलो, तेव्हा सून तिथंच उभी होती. "भाऊ, त्या चौकोनावर रेघ मारून मला एक कागद द्या. पंच बसनार हाईत. तो मेला असा कागद आला तर धाकट्यासंग पाट लावून देतील. न्हाईतर मी अशीच या मेंढरामागं."

पाट म्हणजे दुसरं लग्न. आमच्यात ते चालतं. पण नवरा मेलाय हे पंचांना पटायला हवं.

"ताई, हा सरकारी कागद न्हाई."

"पंचाला वाचता येतंय व्हय?"

परत येताना एसटीत मी सरांना विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "प्रेत सापडलेलं नाही, आई आहे म्हणते. आपण रेघ मारायची नाही."

रात्रभर मला सुनेचंच बोलणं आठवत राहिलं. सकाळी होस्टेलवर मी वंशावळीची नक्कल काढली. थोरल्याच्या चौकोनावर रेघ मारली, ती वाकडी आली. दुपारी मी एकटाच रानात गेलो. सुनेनं कागद घेतला, घडी केली, चोळीत ठेवला.

तेवढ्यात मेंढरं एकदम उठून उभी राहिली. कुत्री तोंड वर करून वास घेत होती. म्हातारी पालातून बाहेर आली. आम्ही काय देत-घेत होतो ते तिला दिसणं शक्य नव्हतं. ती आमच्याकडं नाही, रस्त्याकडं बघत होती.

"कोन गेलं रं आत्ता?" तिनं विचारलं.

"कुनी न्हाई, आजी," मी म्हणालो.

पाट लागल्याचं मला उन्हाळ्यात कळलं. सरांच्या फाइलीत तो चौकोन अजून बिनरेघेचा आहे. दोन्ही कागदांवर अक्षर माझंच आहे.