नाल्याशी वैर

"चाबी आण इकडे. मंग बोल."

ओळख असो नसो, काकूंचं पहिलं वाक्य हेच. पावसाळ्यात गाडी रपट्याच्या तोंडाशी थांबली की त्यांचा हात पुढं यायचा, आणि तुमची सबब ऐकायच्या आत चाबी त्यांच्या पदराच्या गाठीत गेलेली असायची.

हुडकेश्वरच्या पुढं, आमच्या लेआउटची घरं संपतात तिथं, शहराकडे जायच्या वाटेवर नाल्यावर हा रपटा आहे. बुटका पूल, कठडे नाहीत. जोराचा पाऊस झाला की नाला वरून वाहतो. काकूंचं घर त्याला लागूनच. त्यांचा एकुलता मुलगा, माझा वर्गमित्र, इथूनच मोटरसायकलसकट वाहून गेला. गावातला एक ट्रॅक्टरवाला त्याच्या पुढं पार झाला होता. पलीकडून त्यानंच हात हलवून बोलावलं, "ये ना बे, काई नाई होत!" ट्रॅक्टरचं चाक केवढं, मोटरसायकलचं केवढं! पण मोठी गाडी पार झाली की मागच्याला उगाच हिंमत येते.

तेव्हापासून काकूंनी नाल्याशी वैर धरलं. "याले आता एकबी देनार नाही," म्हणायच्या आणि पाण्यात थुंकायच्या.

एकदा एक साहेब कारच्या काचेतून म्हणाले, "माझी गाडी उंच आहे, बाई."

"गाडी उंच हाये, पन खाली रस्ता राह्यला का? दिसून राहिला का तुले? हायवेनं फिरून जाय."

एक कारकून उशीर होतो म्हणून रडकुंडीला आला, तर काकूंनी त्याच्याच फोनवरून त्याच्या साहेबाला झापलं, "तुमाले मानूस पायजे का हजेरी पायजे?" मग त्याला चहा पाजला. पाणी उतरेपर्यंत तो बिचारा ओसरीवर बसून होता.

गेल्या श्रावणात तोच ट्रॅक्टरवाला मोटरसायकलवर आला. बायको धंतोलीच्या दवाखान्यात भरती होती. रपट्यावरून पाणी चाललं होतं. काकूंना पाहून त्यानं मान खाली घातली. काकूंनी हात पुढं केला नाही. त्या बाजूला सरकल्या.

मी शेजारीच उभा होतो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. जाऊ दे म्हटलं, नाल्याला जाऊ दे.

त्याचं पुढचं चाक पाण्यात शिरलं आणि काकूंनी मागून त्याची कॉलर धरली.

"उतर."

"जाऊ द्या ना काकू, बायको सीरियस हाये."

"तुले मरू देऊ? इतकं सस्तं? तू जित्ता राह्यशीन. म्हातारा होशीन. अन् रोज माह्या दारावरून जाशीन." मग माझ्याकडे वळल्या, "याले तुह्या गाडीवर हायवेनं नेऊन दे गा."

नेलं. मागं बसून तो दवाखान्यापर्यंत रडत होता. त्याची बायको वाचली. तो खरंच रोज काकूंच्या दारावरून जायचा, आणि काकू खुर्ची टाकून, तो वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायच्या.

यंदा उन्हाळ्यात काकू गेल्या. तिरडी उचलताना तो खांदा द्यायला पुढं आला. म्हातारी माणसं म्हणाली, देऊ दे, वाचवलं ना तिनं त्याला. वाचवलं होतं. माफ केलं नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं.

मी त्याचा हात तिरडीवरून काढला. "तू मांगून चाल," म्हटलं.

तो घाटापर्यंत सगळ्यांच्या मागून चालत आला. मी एकदाही वळून पाहिलं नाही.