भात सोडलेली बाई

रिह्याच्या खोऱ्यात भात सोडायचा म्हणजे मासळीनं पाणी सोडायचं. शेतात भात, अंगणात वाळतो भात, पाव्हण्याच्या ताटात भात. तो सगुणाबाईनं सोडला, आणि हौसेनं नाही सोडला बाबा, पायासाठी सोडला.

सगुणाबाई पंचेचाळिशीची, भिवाजीची बायको. पण खोऱ्यात तिला ओळखायचे ते लावणीमुळं. भाताची रोपं लावायला बायकांची ओळ चिखलात उतरते, त्या ओळीची पहिली बाई सगुणा. वाकून मागं मागं सरकायचं नि रोप खोचायचं. तिचा हात पडेल तसा बाकीच्यांचा पडायचा. तिची रांग कधी वाकडी गेली, असं सांगणारा अजून भेटायचाय.

सत्तावन्न सालच्या आषाढात भाताच्या खाचरात फुटक्या शिंपल्यानं तिच्या पायाचा अंगठा कापला. हळद दाबली नि पुन्हा ओळीत उभी राहिली. पण दसरा आला तरी जखम मिटेना. शेवटी भिवाजीनं तिला बैलगाडीत घालून पौडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात तिच्या लघवीचे थेंब टाकले नि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं बघता बघता विटकरी झालं.

"लघवीतून साखर जातेय, बाई. मधुमेह. रोज सुई टोचायला तुमच्याकडं कोणी नाही, तेव्हा सगळी भिस्त पथ्यावर. भात बंद. नाचणीची भाकरी, पालेभाजी. होळीला परत या. औषध निळंच राहिलं, तर पाय वाचला समजा."

"आन् न्हाई राह्यलं तर?"

डॉक्टरनं तिच्या गुडघ्याखाली बोटानं आडवी रेघ ओढली. सगुणाबाई समजली.

गाडीतच तिनं मनाशी ठरवलं. एकदम होळीपर्यंतचं कुणाच्यानं होतंय? आधी दिवाळीपर्यंत निभवायचं, मग संक्रांत, मग होळी. आणि येत्या आषाढात दोन्ही पायांवर चिखलात उभं राहायचं.

तेव्हा शेतकऱ्याच्या घरात नाचणी खाणं कमीपणाचं. ती डोंगरावरच्या वाडीतल्यांनी खायची. सगुणाबाई वाडीतल्या लिलाबाईकडं तांदूळ घेऊन गेली नि नाचणी मागितली. लिलाबाई तोंडाला पदर लावून हसली.

"आमी सणाच्या भातासाठी झुरतो, आन् तुमी तांदूळ दिऊन नाचनी नेताय? काय दिस आलं, बाय."

भिवाजीला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लोक म्हनतील, भिवाजीची कनगी रिकामी झाली."

"म्हनूंद्या. लोक मला पाय देनार हायेत का?"

दिवाळीनंतर नवा आंबेमोहोर घरात आला. शिजायला लागला की वास गल्लीभर. सगुणाबाई उठून मागल्या दारी जाऊन बसायची. पुतणीच्या लग्नात भर पंगतीत तिनं फडक्यात बांधलेली काळी भाकर काढली, तेव्हा बायका एकमेकींना कोपरानं ढोसून हसल्या.  ती रडली, पण भाकर संपवली. पथ्य पाळावं तर त्या बाईनं.

अंग मात्र झडत चाललं होतं. सून साळू, बिनआईची पोर, सासूवर जीव टाकायची. सासूची हाडं दिसायला लागली तशी ती घाबरली, नि आजाऱ्याचं जे करतात तेच तिनं केलं. मूठ-दोन मूठ तांदूळ मऊ गाळ शिजवायचे, घोटायचे, मीठ नि तुपाचा थेंब घालायचा. पेज. सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर. आमच्याकडं बाळंतिणीला पेज, तापकऱ्याला पेज, मरणाऱ्याच्या ओठालाही पेज. ती जेवणात धरतच नाहीत, जसं पाणी धरत नाहीत. सगुणाबाईनंही धरली नाही.

होळीला पौडला गेली तेव्हा अंगठा काळा पडला होता. तरी तिला आशा होती. आपण कुठं चुकलो नाही, मग औषध का चुकेल? नळी तापली. विटकरीच झाली, आधीपेक्षा गडद.

"पथ्य मोडलंत तुम्ही," डॉक्टर म्हणाला.

"देवाशपथ, शीत तोंडात घातलं न्हाई."

"खरं हाय, साहेब," भिवाजी म्हणाला. तिनं काय सोसलं ते त्यानं बघितलं होतं.

डॉक्टरनं सकाळपासूनचं सगळं सांगायला लावलं. ती सांगत गेली, नि पेज म्हणाली.

"पेज कशाची?"

"तांदळाची. आनिक कशाची आस्ती?" बोलली नि तिचं तोंड उघडंच राहिलं. वासावरून तांदळाची जात सांगणारी बाई ती! रोज दोन वाट्या तांदूळ प्याली, आणि हे तिला कळायला पौडला यावं लागलं.

गाडी घराकडं निघाली. मग ती म्हणाली, "साळूला सांगू नगा. पोर जिवाला लावून घील. तिनं मायेनं दिली, मी खुळीनं प्याली."

चैत्रात पुण्याला नेऊन गुडघ्याखाली पाय कापला. अक्षय तृतीयेच्या आधी ती घरी आली. चौघांनी उचलून ओसरीवर ठेवली. समोर खाचरं कोरडी पडली होती. अजून दोन महिन्यांनी तिथं पाणी येणार होतं, ओळ उभी राहणार होती, नि पहिली बाई दुसरीच कुणीतरी असणार होती.

दिवेलागणीला साळू वाटी घेऊन आली. पेज नेहमीपेक्षा दाट, वर तुपाचा गोळा. दारातला भिवाजी अर्धवट उठला. सगुणाबाईनं मानेनंच त्याला बसवलं.

नको म्हणावं तर पोर कारण विचारणार. कारण सांगावं तर पोरीचं मन जन्मभर जळणार. आणि दुसरा पाय राखायचा तरी कशासाठी? एका पायावर काय चिखलात उभं राहता येतं? तिनं वाटी तोंडाला लावली. आंबेमोहोराचा वास नाकात गेला, आणि तिला तो आवडला, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"आनखी दिऊ का, आत्या?" साळूनं विचारलं.

सगुणाबाईनं रिकामी वाटी पुढं केली.