डोळे गेलेल्या कुत्रीबरोबर फिरताना

नाशिकला इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कुत्र्यांना आत सोडत नाहीत. म्हणून आम्ही कुत्रेवाली माणसं सकाळी कुंपणाबाहेरच्या कडुनिंबाखाली जमतो. तिथे कोणाला कोणाचं नाव ठाऊक नसतं. कुत्र्यांची नावं मात्र सगळ्यांना पाठ, आणि माणसं ओळखली जातात ती कुत्र्यांवरून. लॅब्रॅडॉरवाले काका, बीगलवाली मुलगी, पॉमेरियनवाल्या वहिनी. मी त्या काळ्या कुत्रीची आई.

आमच्या गप्पाही तशाच. गोचीड निघाल्यावर ती जागा कशाने पुसायची, उन्हाळ्यात डांबर तापलंय का हे तळहात टेकवून कसं बघायचं, दिवाळीत फटाके सुरू झाले की कोणत्या खोलीत बसवायचं. प्रत्येकाचा उपाय वेगळा आणि प्रत्येकाचा खात्रीचा. वहिनींचा दहीभातावर फार विश्वास. कुत्र्याला काहीही होवो, त्या म्हणायच्या, "दोन दिवस दहीभात घाला, बघा फरक." बीगलवाली मुलगी घरून कंपनीचं काम करायची, रात्रभर इंटरनेटवर वाचायची आणि सकाळी सगळ्यांना दुरुस्त करायची. काका कमी बोलायचे. त्यांचा लॅब्रॅडॉर म्हातारा होता, जाडा होता, आणि गळ्यात बैलाला बांधतात तसलं छोटं घुंगरू घालून डुलत चालायचा.

आमची कुत्री गावठी. अंगाने शिडशिडीत, रंगाने काजळासारखी. चालायची अशी की तिची नखंही वाजायची नाहीत. तिचे डोळे जायला कधी सुरुवात झाली ते मला सांगता येणार नाही. सुरुवातीला एवढंच व्हायचं की दिवेलागणीला ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबायची. एक पाय पुढे टाकायची, मागे घ्यायची, जणू पायरीच्या जागी पाणी आहे आणि किती खोल आहे ते तिला कळत नाही. मला वाटलं, वय झालं. मग एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात हलले नाही, बोलले नाही, नुसती उभी राहिले. ती माझ्याकडे बघत होती. निदान मला तसं वाटलं. तिचे डोळे मोठे, हिरवट चमकणारे, सरळ माझ्यावर. मग तिने नाक वर केलं, हवा हुंगली, आणि तेव्हा कुठे तिची शेपटी हलली. मी खाली बसले. तिला जवळ घेतलं.

डॉक्टरांनी टॉर्चने बराच वेळ पाहिलं. "डोळ्यामागचा पडदा सुकत चाललाय," ते म्हणाले. "दुखत नाही तिला. पण गेलेली नजर परत येणार नाही. आता अंधुक दिसत असेल, पुढे तेही नाही."

माझा नवरा अंबडच्या एका कारखान्यात आहे. मशिनच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे घरी तो फारसा बोलत नाही. दवाखान्यातून येताना तो तिला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसला आणि गाडी मी चालवली. सिग्नलला मी आरशात पाहिलं तर तो तिच्या कानात काहीतरी सांगत होता. काय, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली मी ही गोष्ट सांगितली. एरवी सगळे एकदम बोलतात. त्या दिवशी सगळे आधी खाली वाकून तिचे डोळे बघायला लागले.

मग वहिनी म्हणाल्या, "डोळ्यात मध घालून बघितला का?"

"काकू, मध नका घालू काही," बीगलवाली मुलगी घाईने म्हणाली. "घरातलं सामान हलवू नका फक्त. खुर्ची जिथे आहे तिथेच राहू द्या. पाण्याचं भांडं पण. आणि तिला उचलून भलतीकडे ठेवू नका, तिचा नकाशा पुसला जातो."

"नकाशा?"

"असतो ना. डोक्यात. पायांनी काढलेला."

काकांनी त्यांच्या कुत्र्याचा पट्टा हाताभोवती गुंडाळला. "ताई, हात लावायच्या आधी बोलत जा," ते म्हणाले. "आमच्या आधीच्या कुत्र्याचे डोळे गेले होते. अचानक हात लावला की दचकायचा बिचारा. आणि तुम्ही घरात कुठे आहात ते तिला कळू दे. पायात काहीतरी वाजणारं घाला."

घरी जाऊन मी कपाट उघडलं. लग्नातले पैंजण एका रुमालात बांधून ठेवले होते. चांदी काळवंडली होती. टूथपेस्टने घासले आणि घातले. त्या दिवसापासून मी घरात छुमछुम करत फिरायला लागले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठून विचारलं, "नाच शिकता की काय?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार!

जिन्याच्या वर आणि खाली मी काथ्याची पायपुसणी टाकली, म्हणजे पायाला खरखर लागली की तिला कळावं, इथे पायरी आहे. "वर," "खाली," "थांब," हे तीन शब्द आम्ही तिला शिकवले. एकदा नवरा कामावर असताना मी ओढणीने स्वतःचे डोळे बांधले आणि घरभर फिरले. तीही माझ्याबरोबर होती. मला वाटलं होतं सगळं काळं होईल. तसं झालं नाही. खिडकीपाशी गालावर ऊन आलं, त्यावरून खिडकी कळली. फ्रिजची घरघर, बाथरूममधला ओला वास, बाल्कनीत सुकणाऱ्या कपड्यांची फडफड. आमचं दोन खोल्यांचं घर किती तरी मोठं वाटायला लागलं. मी जमिनीवर बसले, ती माझ्या पायाशी बसली, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. खालून भाजीवाल्याची हाक आली, जवळ आली, लांब गेली. ओढणी सोडायची मला इच्छाच होईना.

थंडी सुरू झाली तेव्हा तिला काहीच दिसत नव्हतं. फिरायला जाताना ती काकांच्या लॅब्रॅडॉरच्या घुंगरामागे चालायची. त्याला काही शिकवावं लागलं नाही. तो आपला डुलत पुढे जायचा आणि ती त्या आवाजाच्या दोरीला धरल्यासारखी मागे. एका सकाळी धुकं इतकं उतरलं की समोरच्या इमारती गेल्या, रस्ता गेला, कडुनिंबही अर्धाच उरला. आम्ही सगळे चाचपडत चाललो होतो. वहिनी फुटपाथवरून उतरताना अडखळल्या. ती एकटीच रोजच्यासारखी चालत होती. तिच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. पांढऱ्यात एक काळा ठिपका, मध्येच दिसणारा, मध्येच विरघळणारा.

जानेवारीत नामपूरला पुतणीचं लग्न निघालं. नामपूर माझ्या नवऱ्याचं गाव. आठ वर्षांपूर्वी तो तिथूनच या कुत्रीला, मुठीएवढी असताना, स्वेटरमध्ये गुंडाळून घेऊन आला होता. त्यानंतर आम्ही तिला कधी गावी नेलं नव्हतं. गाडीत तिला उलट्या व्हायच्या, म्हणून ती शेजाऱ्यांकडे राहायची. पण आता नकाशा पुसलेल्या परक्या घरात तिला कसं ठेवायचं?

कडुनिंबाखाली दोन तट पडले. नेऊ नका, नवीन जागेत भेदरेल, असं मुलीचं म्हणणं. वहिनी म्हणाल्या, न्या, तुमच्याशिवाय ती जेवणार नाही. काका म्हणाले, "न्यायचंच तर उपाशीपोटी न्या. काच थोडी उघडी. आणि तिची रोजची चादर न धुता बरोबर घ्या."

तसंच केलं. पिंपळगावच्या पुढे द्राक्षबागा लागल्या, तिने खिडकीच्या फटीला नाक लावलं ते देवळा, सटाणा मागे पडेपर्यंत काढलं नाही. उलटी झाली नाही. नामपूरला घराच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा बाहेर लाल कांद्याचे ट्रॅक्टर मार्केटकडे चालले होते, ढोल आले होते, पोरं ओरडत होती. मी तिला ओट्यावर चादर अंथरून दिली, पाणी ठेवलं, बाजूच्या खांबाला तिचा पट्टा अडकवला आणि हळदीच्या गडबडीत आत गेले.

बाहेर आले तेव्हा खांबाला नुसता पट्टा होता. गळपट्ट्यातून मान काढून ती निघून गेली होती.

नवरा धावत रस्त्याकडे गेला, ट्रॅक्टरच्या बाजूला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. मी गल्लीत निघाले. हाका मारून घसा बसला, पण ढोलापुढे माझा आवाज कुठे पोचणार? मग आठवलं, पैंजण. मी जोरजोरात पाय आपटत चालायला लागले. नऊवारी नेसलेल्या बायका हळदीचे हात तसेच धरून बघत उभ्या राहिल्या. शहरातली सून, पन्नाशीला आलेली, भर दुपारी गल्लीतून थयथय करत चालली आहे. मला कसलीही लाज वाटली नाही.

गल्ली संपली की घरच्या शेताच्या कडेला कांदा साठवायची चाळ आहे. उन्हाळ कांदा विकून झालेला, चाळ रिकामी. लाकडी फळ्यांच्या फटींमधून ऊन आत पडलं होतं आणि त्या पट्ट्यांमध्ये कांद्याचे पापुद्रे वाऱ्यावर उठत होते, गुलाबी, पातळ, खाली बसतच नव्हते. मी तिथे पाय आपटला. आतून थप थप आवाज आला. शेपटीचा.

ती पापुद्र्यांच्या ढिगात निवांत पडली होती. तिच्या अंगाला अंग लावून दुसरी एक कुत्री होती, काळीच, पण तोंडाभोवती पिकलेली, बरगड्या दिसणारी. म्हातारी कुत्री तिचे मिटलेले डोळे चाटत होती. सावकाश, एक मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

माझ्यामागे सासूबाई आल्या होत्या. पदराने घाम पुसत त्या आत बघत राहिल्या.

"तिनी माय शे ती," त्या म्हणाल्या.

"तिची आई? इतक्या वर्षांनी ओळखेल?" मी विचारलं.

"तिले समदं याद शे," सासूबाई म्हणाल्या, आणि मला गप्प बसवल्यासारखं तिथेच खाली बसल्या. थोड्या वेळाने नवरा आला. तोही बसला. ढोल लांब वाजत होते. हळद लागायची राहिली होती, लोक आम्हाला शोधत असणार, पण आम्ही तिघं त्या पट्ट्यापट्ट्यांच्या उजेडात, डोक्यावर, खांद्यावर पापुद्रे घेऊन बसून राहिलो.

लग्न होईपर्यंत तिचा मुक्काम चाळीतच होता. मी तिथेच तिला भाकरी कुस्करून द्यायची, दोघींना. परत निघताना ती आपणहून गाडीपाशी आली. म्हातारी अंगणापर्यंत आली आणि उन्हात बसली.

नाशिकला कडुनिंबाखाली हे सांगितल्यावर बीगलवाली मुलगी म्हणाली, "काकू, मी वाचलंय, दोन वर्षांपर्यंत ओळखतात. आठ म्हणजे..." वहिनींनी डोळे पुसले. काकांनी विचारलं, "गाडीत उलटी झाली का?" नाही म्हटल्यावर त्यांना समाधान वाटलं.

उन्हाळ्यात सासूबाईंचा फोन आला, म्हातारी कुत्री गेली, चाळीतच, झोपेत. नवऱ्याने बराच वेळ फोन कानाला तसाच धरून ठेवला.

आता आमची कुत्री दुपारी बाल्कनीच्या दारात झोपते. झोपेत तिचे पाय पळतात. पापण्यांखाली डोळे इकडून तिकडे फिरतात, मध्येच घशातून बारीक आनंदी आवाज येतो. तिला स्वप्नात दिसत असेल का, यावर कडुनिंबाखाली आमचं अजून एकमत नाही. वहिनी म्हणतात दिसतं. मुलगी म्हणते, ज्यांना आधी दिसत होतं त्यांना दिसत असावं. काकांनी मात्र सांगून ठेवलंय, "ताई, तेव्हा उठवू नका."

रविवारी नवरा घरी असतो. ती अशी पळायला लागली की तो टीव्हीचा आवाज बंद करतो. मी चहा घेऊन येत असले तर बोट ओठावर ठेवतो आणि माझ्या पायांकडे खूण करतो. मी तिथेच थांबते. ती पळत असते. कुठे, ते आम्हाला दिसत नाही.