कॅल्क्युलेटर किती खातो

सत्तरीचं दशक संपत आलं तेव्हा मी लोणावळ्याजवळच्या एका कारखान्यात वीज विभागात होतो. डिप्लोमा नवा होता आणि खांद्याला मीटर अडकवून मिरवायची हौस त्याहून नवी. त्या सुमारास आमच्या मॅनेजरसाहेबांना त्यांच्या मेव्हण्यानं परदेशातून खिशात मावेल एवढा कॅल्क्युलेटर आणून दिला. काळी डबी, वर लाल चमकणारे आकडे. साहेबांनी तो खिशात मात्र कधी ठेवला नाही. खिशात कुणाला दिसणार? तो टेबलावर, समोरच्या खुर्चीकडे तोंड करून, दिवसभर चालू असायचा. खरोखरचा हिशेब करायची वेळ आली की साहेब हिशेबनीसाला हाक मारायचे.

ट्रान्झिस्टरला घालतात तसली त्याची चौकोनी बॅटरी भराभर संपायला लागली. साहेबांनी आधी लोणावळ्याच्या दमट हवेला दोष दिला. मग त्यांची नजर जवळच्या इंदुरी गावाहून येणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या शिपायावर गेली. सगळे त्यांना आबा म्हणत. सकाळी केबिन झाडायला तेच आत जायचे, म्हणजे चोरून बटणं दाबणारेही तेच, असा साहेबांचा तर्क. त्यांनी आबांना सगळ्यांदेखत विचारलं.

"साहेब, मी त्याच्यावरनं फडकं बी फिरवत न्हाई," आबा म्हणाले. "त्यो चालू हाय का बंद, मला काय करायचंय?"

साहेबांना हे उत्तर उद्धट वाटलं. केबिनमध्ये एकट्यानं पाऊल टाकायचं नाही, अशी आबांना ताकीद मिळाली आणि कॅल्क्युलेटर किती वीज खातो ते मोजायचं काम माझ्याकडे आलं.

मी मोठ्या थाटात बॅटरीची एक तार सोडवून मधे मीटर जोडला. पडद्यावर नुसतं शून्य असताना काटा जेमतेम हलला. सगळ्या घरांत आठ भरले तेव्हा तो चांगलाच उडाला. आठांच्या जागी एक घातले तसा खाली आला. साहेबांना समजावून सांगितलं, की आकडा छोट्या रेघांचा बनतो. आठाला सातही रेघा पेटवाव्या लागतात, एकाला दोनच. खरा खर्च आहे तो या दिव्यांचा. वापर नसेल तेव्हा बंद ठेवा, बॅटरी टिकेल. आबांचा यात काही संबंध नाही, हेही सांगितलं.

साहेबांनी यातलं आपल्या सोयीचं तेवढं उचललं. दुसऱ्या दिवसापासून कॅल्क्युलेटर चालूच, पण पडद्यावर फक्त एक. ज्यात आठ जास्त येतील असे हिशेब कागदावर करावेत, असंही त्यांनी हिशेबनीसाला सांगितलं. हिशेबनीस मान डोलावून बाहेर आला आणि पोट धरून हसला.

पुढं मुंबईच्या मुख्य कचेरीतून वरचे साहेब पाहणीला आले. मी केबिनमध्ये पंखा दुरुस्त करत होतो. त्यांनी तो लाल एक बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "हा एक कशाचा?"

"तयार ठेवलाय, सर," आमचे साहेब म्हणाले.

वरच्या साहेबांनी कॅल्क्युलेटर उचलला, बाजूचं बटण सरकवलं आणि तो टेबलावर ठेवला. "काम नसताना बंद ठेवत जा. बॅटरी खातो."

ते गेल्यावर आमच्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून हा शोध ऐकवला. एवढ्याशा गोष्टीत केवढं बारीक लक्ष, याला म्हणतात अनुभव, असं ते माझ्याकडे बघत म्हणाले. मीही मान डोलावली. त्यानंतर बॅटरी टिकायला लागली.

आबांना दिलेली ताकीद मागे घ्यायचं मात्र साहेबांच्या डोक्यातच आलं नाही. आबांनी स्वतःहून गेटवरचं काम मागून घेतलं. मी एकदा त्यांना म्हटलं, आता सगळ्यांना खरं कळलंय, आत चला परत.

"कळलं व्हय?" ते म्हणाले. "मग साहेबांनी सांगू द्या की."

निवृत्त होईपर्यंत ते गेटवरच बसले. साहेबांची गाडी आली की उठून फाटक उघडायचे, आणि ती आत जाईपर्यंत गाडीकडे पाठ करून रस्त्याकडे बघत राहायचे.